जुन्या फोर-बाय-फोरच्या गिअरबॉक्सचा ताप

बंगळूरजवळच्या होसकोट्यातून बाहेर पडणारे दोन रस्ते अगदी वेगळ्या स्वभावाचे आहेत. पश्चिमेकडचा जुना मद्रास रस्ता के. आर. पुरम आणि टिन फॅक्टरी चौकाच्या कोंडीतून बंगळूर शहरात शिरतो. पूर्वेकडे बंगळूर-चेन्नई द्रुतगती मार्ग सुरू होतो. त्याचा होसकोटे ते बेतमंगला हा सुमारे 71 किलोमीटरचा टप्पा 2024 च्या अखेरीस वाहतुकीसाठी खुला झाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली जुनी फोर-बाय-फोर या दोन्ही रस्त्यांवर चालवली, तर तिचा गिअरबॉक्स कुठे जास्त तापेल? बहुतेकांना द्रुतगती मार्ग वाटतो, कारण तिथे वेग जास्त असतो. प्रत्यक्षात तो टिन फॅक्टरीच्या कोंडीत जास्त तापतो. असे का होते हे कळले, की जुन्या गाडीला जादा ट्रान्समिशन कूलर कधी लावावा, कसा लावावा आणि कधी लावू नये, हे ठरवणे सोपे जाते.

गाडीचे वय झाले की हा प्रश्न येतो. भारतात जुन्या ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर आता कमी नाहीत. महिंद्राने 2008 मध्ये स्कॉर्पिओला सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. फोर्ड एन्डेव्हरची तीन लिटर डिझेल इंजिनाची ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर 2009 मध्ये आली. पुण्याजवळच्या चाकणमध्ये जुळणी होणारी रेक्स्टन 2012 मध्ये आली आणि तिचा पाच गिअरचा ऑटोमॅटिक मर्सिडीजच्या घराण्यातला होता. बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला, बिडदीला, टोयोटाच्या कारखान्यात फॉर्च्युनर तयार होत आली आहे. यांतल्या कितीतरी गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. त्यांना मोठे टायर लागले आहेत, पुढे लोखंडी गार्ड आले आहेत आणि शनिवार-रविवारी त्या माळावर, चिखलात, खडकांवर नेल्या जातात. गाडी नवी असताना कारखान्याने जो हिशेब केला होता, तो आता लागू पडत नाही.

उष्णता घसरण्यातून जन्मते

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो. त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याचे मूळ जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने जहाजांसाठी शोधलेल्या आणि 1905 मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रणेत आहे. ऑइलने भरलेल्या बंद घरात दोन पाती-चाके समोरासमोर असतात. एक इंजिनबरोबर फिरते आणि ऑइल दुसऱ्यावर फेकते. त्या माऱ्याने दुसरे फिरते आणि गाडी पुढे सरकते. दोन्हींच्या मधले तिसरे छोटे चाक परतणाऱ्या ऑइलची दिशा वळवते, त्यामुळे सुरुवातीला इंजिनचा टॉर्क सुमारे दुप्पट होतो. जड गाडी जागची हलवायला ही मदत फार मोलाची असते.

तिची किंमत उष्णतेच्या रूपात मोजावी लागते. दोन्ही चाकांच्या वेगात जेवढा फरक, म्हणजे जेवढी घसरण, तेवढी इंजिनची शक्ती ऑइल घुसळण्यात जाते, आणि ती सगळी उष्णता होते. चाके वाळूत रुतली, गाडी हलेना आणि चालकाने ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर इंजिनकडून आलेली जवळजवळ सगळी शक्ती ऑइल तापवण्यात खर्च होते. त्याचा अंदाज बांधता येतो. समजा 20 किलोवॅट शक्ती अशी अडकली. फोर-बाय-फोरच्या मोठ्या इंजिनाला हे मुळीच जड नाही. गिअरबॉक्समध्ये दहा लिटर, म्हणजे सुमारे साडेआठ किलो ऑइल आहे. ते एक अंशाने तापवायला साधारण 17 किलोज्यूल लागतात. म्हणजे ऑइल दर सेकंदाला एका अंशाहून थोडे जास्त तापते. अर्ध्या मिनिटात 35 अंश. थोडी उष्णता धातूत जाते हे खरे, पण धोक्याची पातळी किती जवळ असते ते यावरून कळते. म्हणूनच ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर देण्याची स्टॉल टेस्ट काही सेकंदांतच थांबवा, अशी सूचना सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते.

आता द्रुतगती मार्ग घ्या. गाडी वरच्या गिअरमध्ये स्थिर धावू लागली, की कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच बसतो आणि दोन्ही चाके एक होतात. घसरणे संपते, ऑइल घुसळले जात नाही आणि समोरून वाराही भरपूर मिळतो. कोंडीत याच्या उलट होते: लॉक-अप सुटलेला, दर दहा फुटांवर नवी सुरुवात, वारा नाही आणि समोरून ट्रकची गरम हवा.

ऑइल हा गिअरबॉक्सचाच एक भाग आहे

इंजिन ऑइलचे मुख्य काम वंगणाचे असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलला त्याहून पुष्कळ जास्त करावे लागते. तेच शक्ती वाहून नेते, तेच दाबाने आतले क्लच पकडते, तेच उष्णता बाहेर काढते आणि क्लच प्लेटवर किती पकड बसावी हेही त्याच्यातल्या रसायनांवर ठरते. एकेकाळी पकडीचा हा गुण साधण्यासाठी त्यात स्पर्म व्हेलच्या तेलातून मिळणारे घटक घालत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने व्हेलला संरक्षण दिले आणि तेलकंपन्यांना नवी रसायने शोधावी लागली. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन ऑइलच्या त्या काळातल्या एका नव्या मिश्रणाने कूलरचे झाळकामच गंजू लागले आणि ते पुन्हा बदलावे लागले. ऑइल आणि कूलर यांचे नाते इतके जवळचे आहे.

हे ऑइल साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसच्या दरम्यान नीट काम करते. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या व्यवसायातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे 80 अंशांवर चालणाऱ्या ऑइलच्या तुलनेत 113 अंशांवर चालणारे ऑइल आठव्या हिश्शाइतकेच टिकेल. 115 अंशांच्या आसपास आत चिकट थर जमू लागतो आणि व्हॉल्व्ह अडकू लागतात. 125 च्या पुढे रबरी सील कडक होतात. 150 अंशांच्या आसपास क्लच प्लेट घसरू आणि जळू लागतात. घसरल्याने आणखी उष्णता तयार होते, आणि एकदा हे चक्र सुरू झाले की गिअरबॉक्स फार काळ टिकत नाही.

कारखान्याचा कूलर आणि त्याची मर्यादा

बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये ट्रान्समिशन कूलर आधीपासून असतो, पण तो दिसत नाही. रेडिएटरच्या बाजूच्या किंवा खालच्या टाकीत एक छोटी नळी किंवा पट्ट्यांचा संच बसवलेला असतो. गरम ऑइल त्यातून फिरते आणि सभोवतालचे कूलंट त्याची उष्णता शोषते. ही रचना चांगली आहे. थंडीत कूलंटच ऑइलला लवकर उबदार करते आणि कोंडीत वारा नसला तरी पंप कूलंट फिरवत राहतो.

मर्यादा एकच, पण मोठी. कूलंट स्वतः 90 अंशांच्या आसपास असते. ऑइल त्याच्याहून थंड होऊच शकत नाही. ऑइल 100 अंशांवर असेल तर दोघांत फरक दहा अंशांचाच राहतो, आणि उष्णता वाहते ती फरकाच्या प्रमाणात. बाहेरची हवा मात्र होसकोट्याच्या एप्रिलातही 35-36 अंशांची असते, म्हणजे फरक 65 अंशांचा. हवेने थंड होणाऱ्या जादा कूलरचे सगळे बळ या फरकात आहे.

जुन्या गाडीत आणखी दोन गोष्टी बिघडतात. पहिली, रेडिएटर आतून भरत जातो. होसकोटे, मालूर, कोलार हा कोरडा पट्टा खोल बोअरवेलवर जगतो आणि ते पाणी जड असते. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतलेल्या गाडीत क्षारांचा थर बसतो आणि कूलरभोवती कूलंट नीट फिरत नाही. दुसरी गोष्ट जास्त भयंकर आहे. टाकीतला कूलर आतून फुटला, तर कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळतात आणि गुलाबी साय आल्यासारखे दिसते. 2005 नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या निस्सानच्या पाथफाइंडर, फ्रंटियर आणि एक्सटेरा या गाड्यांमध्ये ही तक्रार अमेरिकेत फार गाजली. कूलंटमधले ग्लायकॉल आणि पाणी क्लच प्लेटवरच्या कागदी अस्तराचा गोंद सोडवतात. त्यामुळे अशा गाडीचा गिअरबॉक्स नुसते ऑइल बदलून वाचेलच असे नाही.

होसकोट्यात या विषयाची एक मोठ्या आकाराची शाळा आहे. व्होल्वोचा ट्रक कारखाना इथे 1998 पासून आहे आणि पुढे बसचा कारखानाही इथेच आला. बंगळूरच्या बीएमटीसी या शहर बस महामंडळाने 2006 मध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या व्होल्वो सिटी बस रस्त्यावर आणल्या. दर थांब्याला थांबणाऱ्या आणि पुन्हा निघणाऱ्या अशा बससाठी ऑइल थंड ठेवणे ही नंतर जोडायची सोय नसते. मूळ आराखड्यातच तिची तरतूद करावी लागते. अनेक मोठ्या बसच्या गिअरबॉक्समध्ये रिटार्डरही असतो. तो ब्रेक लावतानाची गतिज ऊर्जा ऑइलमध्ये उष्णता म्हणून उतरवतो आणि तिथून ती कूलंटमध्ये जाते. आपण खासगी गाडी तिच्या आखणीपलीकडे वापरू लागलो, की तिलाही हाच विचार लावायला हवा.

कूलर घेण्याआधी

मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीला याची गरज नसते. जुनी विलिस जीप, जिप्सी, मॅन्युअल सफारी यांच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही. तिथे हा खर्च करू नये.

ऑटोमॅटिक असेल तर आधी मोजावे. ऑइलच्या चेंबरमध्ये किंवा गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या लाइनवर सेन्सर बसवून डॅशबोर्डवर मीटर लावता येतो. नव्या गाड्यांत ओबीडी स्कॅनरवरही हा आकडा दिसू शकतो. बाहेर पडणाऱ्या लाइनवरचा आकडा चेंबरपेक्षा जास्त असतो आणि झपाट्याने वरखाली होतो, हे लक्षात ठेवावे. रोजच्या कोंडीत, नंदी हिल्सच्या चढावर आणि माळावर चेंबरचा आकडा 95 च्या आत राहत असेल, तर कूलरची घाई नाही. तो वारंवार 105-110 च्या पुढे जात असेल, तर कारण शोधायला हवे.

कारणे बहुधा साधीच निघतात. ऑइल जुने किंवा चुकीच्या ग्रेडचे असते. पातळी कमी असते. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, पाला दाटलेला असतो. जड ट्रकच्या मागे चालणाऱ्या गाड्यांमध्ये तर हमखास. रेडिएटरच्या पंख्याचा व्हिस्कस क्लच ढिला झालेला असतो. पुढचे लोखंडी गार्ड आणि त्यावरचे दिवे वारा अडवतात. अपघातात हे गार्ड घातक ठरतात म्हणून केंद्र सरकारने 2017 च्या अखेरीस त्यांविरुद्ध राज्यांना कळवलेही होते. आणि टायर. मोठ्या टायरमुळे चाकाचा एक फेरा लांब होतो, म्हणजे गाडी नेहमीच एक पाऊल वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी चालते आणि कन्व्हर्टर जास्त घसरतो.

ऑइल काळपट असेल, त्याला जळका वास असेल आणि गिअर पडताना झटका किंवा घसरण जाणवत असेल, तर कूलरने ती गाडी बरी होणार नाही. क्लच आधीच झिजलेले आहेत. कूलर निरोगी गिअरबॉक्सचे आयुष्य वाढवतो. आजारी गिअरबॉक्सचे दुखणे झाकायला तो लावू नये.

बसवण्याचे काम

कूलर तीन प्रकारचे मिळतात. एका वळणदार नळीवर पत्र्याच्या पात्या बसवलेला साधा प्रकार स्वस्त असतो, पण त्याची कार्यक्षमता कमी. पट्ट्या आणि पात्यांचा प्रकार मधला. चपट्या पोकळ पट्ट्या एकावर एक रचलेला स्टॅक्ड-प्लेट प्रकार सर्वांत चांगला. तेवढ्याच जागेत तो जास्त उष्णता टाकतो आणि थंड, घट्ट ऑइललाही सहज वाट देतो. जड फोर-बाय-फोरला हाच घ्यावा.

जोडणीचा क्रम असा ठेवावा: गिअरबॉक्समधून निघालेले ऑइल आधी रेडिएटरमधल्या कूलरमध्ये, तिथून हवेच्या कूलरमध्ये आणि मग परत गिअरबॉक्सकडे. मोठा भार कूलंट घेते आणि शेवटची उतरण हवा करते. गाडीच्या दोन लाइनपैकी जाणारी कोणती आणि येणारी कोणती हे अंदाजाने ठरवू नये. गाडी थोडी फिरवून लेझर थर्मामीटरने दोन्ही लाइनचे तापमान घ्यावे. जास्त गरम ती गिअरबॉक्समधून निघणारी. रेडिएटरमधल्या कूलरवर विश्वास उरला नसेल, तर तो वगळून सगळे काम हवेच्या कूलरवर सोपवता येते. बंगळूरच्या सौम्य थंडीत ते चालते. मात्र तेव्हा कूलर मोठा हवा, त्याला स्वतःचा पंखा हवा आणि थंड ऑइलला परस्पर परत पाठवणारा थर्मोस्टॅट बसवलेला बरा. लडाख किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी रेडिएटरमधला कूलर वगळू नये. ऑइल फार थंड राहिले तर अनेक गिअरबॉक्स लॉक-अप बसवायला उशीर करतात.

जागा एसीच्या कंडेन्सरच्या पुढे, थोडी फट ठेवून. कूलर स्वतःच्या ब्रॅकेटवर बॉडीला बसवावा. त्याच्याबरोबर प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, त्या रेडिएटरच्या जाळीतून ओवायच्या असतात. खडबडीत रस्त्यावर त्या घासून जाळीला भोक पाडतात. कूलरची तोंडे वर किंवा बाजूला ठेवावीत, म्हणजे आत हवा अडकत नाही.

होजच्या बाबतीत काटकसर करू नये. पेट्रोल-डिझेलची नळी गरम ट्रान्समिशन ऑइलला टिकत नाही. या कामासाठी एसएई जे 1532 या मानकाची होज असते. नळीचे आतले माप मूळ लाइनपेक्षा लहान नसावे; बहुतेक ठिकाणी ते 3/8 इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर असते. कूलरमधून परतणारे हेच ऑइल पुढे गिअरबॉक्सच्या वंगणाला जाते, त्यामुळे वाट अरुंद झाली तर आतली बेअरिंग कोरडी पडतात. साध्या गुळगुळीत पाइपवर रबरी होज नुसती क्लॅम्पने आवळली तर ती निसटू शकते. पाइपच्या टोकाला उठाव काढून घ्यावा किंवा थ्रेडचे फिटिंग वापरावे. हायड्रॉलिक होज क्रिंप करणाऱ्या दुकानातून ठरावीक लांबीची होज करून घेणे सर्वांत भरवशाचे. होज एक्झॉस्ट, बेल्ट आणि फिरत्या शाफ्टपासून दूर न्यावी. गरम एक्झॉस्टवर उडालेले हे ऑइल पेट घेऊ शकते.

गिअरबॉक्स कधी उघडून दुरुस्त केला असेल, तर रेडिएटरमधला जुना कूलर आधी फ्लश करावा, नाहीतर त्यात अडकलेला क्लचचा चुरा पुन्हा आत जातो. नव्या कूलरमध्ये आणि होजमध्ये अर्धा ते एक लिटर ऑइल राहते. तेवढे मॅन्युअलमधल्या ग्रेडचेच घालावे. पातळी गाडीच्या पद्धतीने, ऑइल सांगितलेल्या तापमानावर असताना तपासावी. काही गिअरबॉक्सना कायमची डिपस्टिकच नसते. तिथे हे काम वर्कशॉपमध्ये करावे. जास्त भरलेले ऑइलही वाईट; फिरत्या भागांमुळे ते फेसाळते, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

चालवण्याची शिस्त

सर्वांत प्रभावी उपाय गाडीत आधीपासूनच बसवलेला आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. चिखल, वाळू, तीव्र चढ किंवा खडक आला की फोर-लो टाकावे. लो रेंजमध्ये चाकांना तेवढीच ताकद मिळायला कन्व्हर्टरला कमी घसरावे लागते आणि उष्णता लगेच कमी होते. लांब चढावर गिअर वरखाली होत राहत असेल, तर ओव्हरड्राइव्ह बंद करून खालचा गिअर धरून ठेवावा. गोव्यात 2014 पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी शर्यत होते. तसा चिखल गाडीने पाहिला असेल, तर परतल्यावर कूलरची जाळी हलक्या पाण्याच्या धारेने मागून पुढे धुवावी. चिखल वाळला की कूलर असून नसल्यासारखा होतो.

आकडा 120 च्या जवळ गेला, तर थांबावे, पण इंजिन लगेच बंद करू नये. हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन थोड्या जास्त आरपीएमवर चालू ठेवावे. ऑइल कूलरमधून फिरत राहते आणि काही मिनिटांत आकडा उतरतो. यासाठी पार्कपेक्षा न्यूट्रल बरे, कारण जीपच्या काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये कूलरकडे ऑइल जातच नाही.

चांगला कूलर, होज आणि मजुरी यांचा खर्च हजारांत होतो. गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर तो लाखांत जातो, आणि जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळतीलच याची खात्री नसते. म्हणून जुनी ऑटोमॅटिक फोर-बाय-फोर बाळगणाऱ्यांना आग्रहाने सांगणे एवढेच: आधी तापमान मोजा, मग ऑइल बदला आणि रेडिएटर साफ करा, आणि तरीही आकडा चढत असेल तर निर्धास्तपणे चांगला कूलर बसवा. याच क्रमाने गेलात, तर गाडी अजून पुष्कळ वर्षे साथ देईल.